लिबेरातूच्या पाळीचं पाणी

ग्लास ठेव खाली, तेल्मु, आणि ऐक. उद्या रात्री तू पर्यटकांना वरच्या पाटाने नेणार, बोगद्यातून पलीकडे, चांदण्यातला धबधबा दाखवायला. ने बाबा. दिवसा आपल्या मदेरा बेटावरच्या पाटांच्या कडेने सगळं जग चालतं. पण रात्रीचा पाट पाळीवाल्यांचा असतो. हसतोस काय, दिनिश? आधी ऐक, मग हस.

खालच्या आळीतला जेरमानु माझा जुना दोस्त. गेल्या वर्षी चौदा ऑगस्टला, मोंतच्या माउलीच्या जत्रेच्या आदल्या रात्री, अख्खं गाव वर गेलेलं. याला मात्र शेताला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं होतं. पंधरवड्यातून एकदा पाण्याची पाळी, आणि रताळ्यांनी माना टाकलेल्या. पाणी चुकलं की वर्षाचं पीक गेलं.

त्याच्या आधीची पाळी म्हाताऱ्या लिबेरातूची. आपलं झालं की तो शंख फुंकायचा, मग जेरमानु पाटाचं आपलं दार उघडायचा. फेब्रुवारीत म्हातारा पाटावरून दरीत पडून मेला. मुलगा व्हेनेझुएलात, शेत ओसाड. जेरमानु गुपचूप त्याचंही पाणी घ्यायला लागला. बायको म्हणालीसुद्धा, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय तुम्ही."

"मेलेल्याला कसली गं तहान?" असं म्हणून तिनेच विणलेली कानटोपी चढवली आणि निघाला.

लिबेरातूच्या दाराला चिंध्यांचा बोळा होता, तो घट्ट आहे ना ते बघितलं. बाराला, म्हणजे म्हाताऱ्याच्या वेळेला, स्वतःचं दार उघडलं. पाणी सरीत शिरलं... आणि थांबलं.

वर पाला अडकला असेल, म्हणून तो बोगद्याकडे गेला. बोगदा तुम्हाला ठाऊक आहे. चालायची कडा वीतभर, छत डोक्याला लागतं. दोघं समोरासमोर आले तर एकाने भिंतीला चिकटायचं. जो पाण्याबरोबर येतो, त्याचा मान पहिला.

आतही पाट कोरडा. त्याने शिवी हासडली. मग पुढून पाण्याचा आवाज आला. पाण्याच्या पुढे एक उजेड. कंदील होता. हल्ली कंदील कोण घेतं?

"कोण आहे?" कंदील तसाच पुढे येत राहिला.

"अरे, कोण, विचारतोय मी."

पावलं जवळ आली. जेरमानु भिंतीकडे तोंड करून चिकटला. डोळे मिटले. मोंतच्या माउलीचं नाव घेतलं. पाठीला पाठ घासली. गार. ओली.

"माझी पाळी, जेरमानु."

एवढंच.

कानटोपी डोक्यावरून निघाली... हळूच. छताला अडकली असेल, मी म्हटलं. तो म्हणतो, बोटं होती.

पावलं गेली. पाणी मागोमाग गेलं. तो हलला नाही. किती वेळ, देव जाणे. मग बाहेर शंख वाजला...

पहाटे मी जत्रेतून परतलो, तर तो माझ्या दारात उभा, डोकं बोडकं. उजाडल्यावर आम्ही दोघं वर गेलो. त्याच्या रताळ्यांना पाणी मिळालं होतं. त्याच्या वाट्याचं तेवढंच, जास्तीची एक सरीही नाही. आणि लिबेरातूचं ओसाड शेत बांधापर्यंत चिंब.

लिबेरातूचं दार मात्र बंद होतं. चिंध्या बाजूला पडलेल्या. त्यांच्या जागी बोळा म्हणून कानटोपी कोंबलेली, वरून पाणी वाहतंय.

जेरमानु हात लावेना. मीच ओढून काढली.

कोरडी होती रे. आणि आतून उबदार... आत्ताच कुणाच्या डोक्यावरून काढावी, तशी.