प्राणहितेच्या वाळूतलं फूल

सन पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात सत्यशीला खोब्रागडे सिरोंच्याला गेली ती एका फुलासाठी. चंद्रपूरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिथल्या वनस्पतिसंग्रहात, जाड कागदावर बारीक टाक्यांनी टाचलेलं एक पिवळं रानफूल होतं. मारवाडच्या वाळवंटात उगवणारं. पण खाली कुणा इंग्रज साहेबानं ठिकाण लिहिलं होतं, प्राणहितेची वाळू. साहेबाची चूक झाली असणार, असं सगळे म्हणायचे. सागवानाच्या मुलखात वाळवंटातलं फूल कसं येईल? सत्यशीलेला मात्र ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

नदीकाठी वडिलांच्या ओळखीच्या बायनाबाईंकडे ती उतरली. सकाळी निघताना म्हाताऱ्या बायनाबाई म्हणाल्या, "ऊन चढाच्या आत वापस ये बाई. दुपारची वाळू चांगली नाई."

"काऊन?"

बायनाबाई चुलीतलं लाकूड सारत राहिल्या.

शोधण्याच्या नादात सत्यशीलेला दुपार कधी झाली ते कळलं नाही. पाणी संपलं. चपलेतूनही तळवे भाजू लागले. काठ कुठल्या बाजूला होता? जिकडे बघावं तिकडे मृगजळ लकाकत होतं. वारा पडला, पाखरांचा आवाजही थांबला. तिची जीभ टाळ्याला चिकटली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती वाळूत मटकन बसली.

मग तो आवाज आला. खरर्र... खरर्र... कुणीतरी वाळू उकरत होतं. पाठोपाठ ओल्या मातीचा गार वास.

थोड्या अंतरावर एक बाई पाठमोरी बसून पाण्यासाठी वाळूत झिरा खणत होती. विटकं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. सत्यशीला गुडघ्यांवर सरकत तिच्यापाशी गेली. खड्ड्यात पाणी साचलं होतं. बाईचे हात त्यात कोपरापर्यंत बुडाले होते, आणि बाहेर आले तेव्हा ते कोरडे ठाक होते. फक्त ओंजळ भरलेली.

"पी पोरी... सावकाश..."

सत्यशीला जरा मागे सरली. पण तहान भीतीपेक्षा मोठी होती. ती प्यायली. पुन्हा प्यायली.

"तुम्ही... कोन्त्या गावच्या?"

"फूल पायजे नं तुले? त्या गोट्याच्या आडोशाले हाय... मंग नाकासमोर जाजो. काठ लागते."

सत्यशीलेनं मान वळवली. मोठ्या काळ्या दगडाच्या आडोशाला पिवळी फुलं डोलत होती. परत पाहिलं तर बाई नव्हती. झिराही नव्हता. सपाट, तापलेली वाळू. हनुवटीवरून मात्र पाणी ठिबकत होतं.

एक रोप मुळासकट काढून, वर्तमानपत्रात घालून तिनं सोबतच्या लाकडी चौकटीत पट्ट्यांनी आवळून दाबलं आणि नाकासमोर चालत राहिली. काठ लागला.

तिचं ऐकून बायनाबाई तिच्यापाशी येऊन बसल्या.

"हिरवं लुगडं... माही रुखमामावशी ते. इंग्रज साहेबाची फुलं कागदाले तेच टाचे. त्याच्यासंग फुलं धुंडाले गेली व्हती. साहेब वापस आला, मावशी नाई आली. पान्यावाचून गेली म्हनत. कुठी पडली, कोनालेच नाई समजलं."

सत्यशीलेला रडू आवरेना. जी पाण्यावाचून गेली, तिनंच आपल्याला पाणी पाजलं! दिव्यापाशी बसून तिनं नव्या नमुन्याची चिठ्ठी लिहिली. ठिकाण, प्राणहितेची वाळू. गोळा करणाऱ्या, रुखमा आणि सत्यशीला खोब्रागडे. मावशीचं नाव आधी. बायनाबाईंनी चिठ्ठीवरून हात फिरवला आणि तो कपाळाला लावला.

चंद्रपूरला पोचल्यावर तिनं चौकटीचे पट्टे सोडले. वाटेत ते कुणी उघडले नव्हते. वर्तमानपत्राची घडी उलगडली.

रोप वर्तमानपत्राला टाचलेलं होतं. एकेक पान नीट पसरून, देठापाशी बारीक, देखणे टाके घातलेले. शेवटच्या गाठीचा दोरा दातानं तोडलेला होता, आणि त्याचं टोक अजून ओलं होतं.