चि. सौ. कां. संपादक

छापखान्याच्या दारात माझ्या हातातले कागद निसटले आणि एका मुलाच्या पायाशी जाऊन पडले. त्यानं ते उचलले, आणि परत द्यायचे सोडून चक्क वाचायला लागला!

"बांगलादेशातल्या बायका छोटे धंदे काढून गरिबीतून वर येतायत..." तो मान डोलावत म्हणाला. "आणि आमचं गोडादरा जगाबाहेर आहे का, मॅडम?"

मला असा राग आला! आम्हा कॉलेजच्या मुलांचा अंक होता तो, ‘उभारी’. जगातली गरिबी दान देऊन नाही, गरिबांनी स्वतःचा धंदा उभारून हटते, असं आम्ही दर महिन्याला सुरतला ओरडून सांगत होतो. आणि मी, तेजस्विनी, त्या अंकाची संपादक होते.

"मग लिहा ना तुम्ही!" मी फणकारले.

"लिहितो ने... पण चहा तुमच्याकडून."

तो चेतन. चुलत बहिणीची लग्नपत्रिका न्यायला आला होता. त्याची आई, प्रमिलाबाई, सुरतेच्या गोडादरा वस्तीत गल्लीतल्या बायांना घेऊन कापडाच्या कातरणांच्या गोधड्या शिवत होती. चेतननं त्यावर लिहिलं, मी ते तपासलं. मी खोडलेली वाक्यं तो पुन्हा तशीच लिहून आणायचा. मुद्दाम आणायचा, हे मला कळत होतं... आणि आवडतही होतं.

मग आम्ही गोधड्यांचं प्रदर्शन ठरवलं. रविवारी सकाळी, समाजाच्या वाडीत, म्हणजे जिथे एरवी लग्नं लागायची त्या हॉलमध्ये. त्या दिवशी माल खपला नाही, तर बाया पुन्हा ठेकेदाराकडे साड्यांचे धागे कापायला जाणार होत्या. अंकाच्या शेवटच्या पानावर आम्ही निमंत्रण दिलं आणि खाली निमंत्रक म्हणून आमची दोघांची नावं.

अंक हातात आला आणि मी मटकन खालीच बसले!

पानाच्या डोक्यावर गणपती. खाली ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. त्याखाली ठळक अक्षरांत ‘चि. चेतन’ आणि ‘चि. सौ. कां. तेजस्विनी’!

गुजराती छापखाना तो. तिथले मराठी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, फक्त खानदेशी लग्नपत्रिकांसाठी निघायचे. खिळे जुळवणाऱ्या बळीरामकाकांनी मुलाचं नाव पाहिलं, मुलीचं पाहिलं, रविवार पाहिला, वाडी पाहिली... आणि आमचं लग्न लावून टाकलं. गोधड्यांचा मजकूर मधे होता, पण पत्रिकेतलं मधलं कोण वाचतं?

अंक तोवर आमच्या मुलांनी अख्ख्या गोडादऱ्यात वाटूनही टाकला होता.

बाबा बँकेतून आले ते तोंड लाल करूनच. "रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं, हे खोटं आहे म्हणून. नाहीतर तुझा अंक बंद!"

रविवारी वाडीत पाऊल ठेवलं आणि बघते तर काय? माणसंच माणसं! नव्या साड्या, टोप्या, हातात आहेराची पाकिटं. गोधड्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, सगळे मलाच न्याहाळत होते. प्रमिलाबाई कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसली होती. बाबा दाराशी उभे.

मी तोंड उघडणार, तोच चेतन खुर्चीवर चढला.

"लग्न नाहीये! छापण्यात चूक झाली. या मुलीला मी... अजून विचारलेलंसुद्धा नाही."

अजून? म्हणजे विचारणार होता?

दोन-तीन माणसं दाराकडे वळलीसुद्धा. आता बायांचा धंदा बुडणार, या विचारानं मला रडूच यायला लागलं. एवढ्यात चेतनची आत्या ताडकन उठली.

"घरमाईन काढेल आहेर माघारे नही लई जातस!" घरातून काढलेला आहेर परत न्यायचा नसतो, असं अहिराणीत ठणकावत तिनं पाकीट फोडलं, पैसे प्रमिलाबाईच्या हातात ठेवले आणि पहिली गोधडी उचलून काखेत मारली. झालं! तिचं बघून बायका पुढे सरसावल्या, आणि निळ्या गोधडीवरून दोघींची चक्क ओढाताण झाली.

प्रमिलाबाई पदरानं डोळे पुसत हसत होती. मी मात्र त्याच्या त्या ‘अजून’वरच अडकलेली.

चेतन गर्दीतून वाट काढत आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"संपादक बाई... पुढच्या अंकात छापावं लागेल ना? चुकून छापलं गेलं, क्षमस्व, वगैरे..."

"तुमच्या मते चूक होती?"

"माझ्याकडून..." तो खाली बघत म्हणाला, "माझ्याकडून नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती."

प्रमिलाबाई हातातलं काम टाकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आते तू सांग व माय... ते क्षमस्व छापानं का नही?"

तिचा आवाज खणखणीत. सगळी वाडी पुन्हा मलाच न्याहाळायला लागली. दारातून बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत, सगळ्यांसमोर, मलाच धक्का बसेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले—

"नको छापायला!"