बोहुशची मूठ

ही घटना खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर हसा. पण ज्याच्यावर ती बेतली तो हिनेक झ्बोरिल माझा शेजारी आहे. थाप मारताना तो कानापर्यंत लाल होतो. हे सांगताना मात्र पांढराफटक पडला होता.

आणि हो, यात मध्यरात्र नाही. भर दुपार होती. चेक देशात होडोनीनजवळचं आमचं गाव आणि दुशिचकीचा दिवस... थडग्यांवर मेणबत्त्या लावायचा दिवस.

हिनेक इलेक्ट्रिशियन. हात कधी स्वस्थ नाहीत. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा त्याला भारी नाद. पण त्यासाठी बाजारात मिळणारा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, कसाही ओढा, सारखाच लागतो म्हणून त्याची कायम कुरकुर. खऱ्या विमानात वेग वाढला की दांडा जड होतो. वेग मेला की हातात लुळा पडतो. विमान दांड्यातून बोलतं, म्हणे.

मग त्याने स्वतःच तसा दांडा बनवायला घेतला. बंद पडलेल्या शिलाई कारखान्यातल्या दोन मोटारी आणल्या, त्यांना पट्टे जोडले, सर्किट बसवलं. कॉम्प्युटरमधलं विमान जसं उडेल तशा मोटारी दांडा ओढणार.

"त्या मोटारींवर आधी माझे पडदे शिवून दे," बायको इलोना म्हणायची. "मग जा उडत."

दांडा झाला. झकास झाला. फक्त त्यावरची मूठ मनासारखी होईना.

तुमच्याकडे मारतात ती मूठ नव्हे हो. ही हातात धरायची मूठ. पण आता वाटतं, दोन्हीत फार फरक नसावा.

हिनेकला खरं ग्लायडर शिकवलं ते बोहुश क्रातिनाने. सगळा ग्लायडर क्लब त्याला मास्तर म्हणायचा. शिकणारा पुढे बसायचा, मास्तर मागे. दोघांचे दांडे खालून जोडलेले. बोहुश ओरडायचा नाही. पोराने घोळ घातला की मागून दांडा हलवायचा... डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. याचा अर्थ एकच. आता विमान माझं. मग पुढच्याने दांडा सोडायचा आणि दोन्ही हात खांद्यांवर नेऊन मागच्याला दाखवायचे. हात दिसेपर्यंत बोहुश थांबायचा. हिसकावून कधी घेतलं नाही.

क्लबचं जुनं शिकाऊ विमान मोडीत निघालं, तेव्हा मागच्या सीटच्या दांड्याची लाकडी मूठ तेवढी बोहुशने घरी नेली. अंगठ्याच्या जागी तिला छान खळगा पडला होता. हिनेकने त्या मुठीची मापं घेतली आणि प्लास्टिकची तशीच एक थ्रीडी प्रिंटरवर छापून तपकिरी रंगवली. दिसायला हुबेहूब. हातात धरली की मात्र खेळणं.

सप्टेंबरात बोहुश गेला.

त्याची बायको द्राहुशे. तिला आम्ही सगळे तेता म्हणतो, म्हणजे मावशी. तिने मूठ हिनेकच्या हातात दिली. "तेल लावून पूस, आणि पेटीचं झाकण लावायच्या आधी तूच त्याच्या हातात ठेव. माझ्याने नाही होणार. तुला तो पोटच्या पोरासारखा मानायचा."

हिनेकने मूठ पुसली. तेल लावलं.

आणि शवपेटीत प्लास्टिकची ठेवली.

मास्तरांची गार बोटं एकेक करून त्याने स्वतः त्या खोट्या मुठीभोवती मिटवली. बाहेर आला तेव्हा तेताने त्याला मिठी मारली. खरी मूठ त्याच्या कोटाच्या खिशात होती. मिठीत ती दोघांच्या मधे टोचत होती.

का केलंस, असं मी विचारलं. तर म्हणाला, "लाकूड मातीत जाणार होतं. वाया. आणि दांडा पूर्ण झाल्यावर क्लबवाले काय म्हणतील, तेवढंच डोळ्यांपुढे होतं. शरम वाटते रे. तेव्हाही वाटली. तरी केलं."

मूठ दांड्यावर अशी बसली, जणू तिथलीच होती.

पहिल्यांदा झालं ते एका रविवारी, जेवणानंतर. हिनेक गॅरेजमध्ये एकटाच होता. कॉम्प्युटर बंद केला, उठला, दाराशी गेला...

खर्र. खर्र. खर्र. खर्र.

तो वळला. दांडा सरळ उभा होता. पट्टा तेवढा थरथरत होता.

सर्किटमध्ये वीज उरली असेल, त्याने मनाशी म्हटलं. इलेक्ट्रिशियनला कारणांचा काय तोटा!

पुढच्या वेळी त्याने वायर काढून ठेवली.

दांडा हलला... डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

मग थांबला.

हिनेक म्हणतो, हलण्याची भीती नव्हती. भीती त्या थांबण्याची होती. कोणीतरी मागे बसून वाट बघतंय, असं ते थांबणं.

त्याला कळलं होतं. हात दाखवायचे, एवढंच होतं. पण हात दाखवणं म्हणजे कबूल करणं. त्याने दांड्यावर गोणपाट टाकलं आणि तो घरात निघून गेला.

दुशिचकीला दुपारी सगळे स्मशानातून थेट त्याच्या गॅरेजमध्ये आले. दांडा बघायचं आमंत्रण कधीचंच होतं. पुढे लुबोर, क्लबचा तोंडाळ मेकॅनिक.

"काय रे हिनेक, उडतंय का तुझं शिलाई मशीन?"

"बस तर खरं. रडशील."

आणि लुबोरच्या मागून, हातात कोलाचेंचं, म्हणजे गोड बनपावांचं ताट घेऊन... तेता आली.

तिला हिनेकने बोलावलं नव्हतं. "लुबोर म्हणाला, चला. म्हटलं, माझ्या पोराने काय केलंय ते बघू तरी."

ती मूठ ती ओळखणार. डोळे बांधले तरी ओळखणार.

मग त्याने काय करावं? सगळे कोट काढत होते, तेवढ्यात खिशातली काळी चिकटपट्टी काढून मूठ भराभर गुंडाळून टाकली. हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

गडी एकेक करून बसले. वाहवा झाली. "अरे, हा तर खरंच ओढतो!" लुबोरसुद्धा म्हणाला. हिनेकला हवं होतं ते सगळं मिळालं. तो मात्र चिकटपट्टीकडेच बघत होता.

शेवटी सगळे चहाकडे वळले. गॅरेजमध्ये बोर्ड एकच. लुबोरने दांडा आणि कॉम्प्युटर दोन्हींचा प्लग उपसला आणि किटलीचा लावला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

तेता सहज त्या खुर्चीवर टेकली. पायांना आराम म्हणून. हात आपसूक मुठीवर गेला.

खर्र...

दांडा हलला. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे. उजवीकडे.

तेताने क्षणभरही विचार केला नाही. मूठ सोडली आणि दोन्ही हात खांद्यांवर नेले. तळवे उघडे, मागच्याला दिसतील असे. तरुणपणी तीही बोहुशच्या पुढच्या सीटवर बसूनच शिकली होती.

सगळे हसले. "वा! मास्तरांची खूणसुद्धा बसवलीस होय!"

लुबोर हसला नाही.

"हिनेक," तो हळूच म्हणाला, "दांड्याचा प्लग तर माझ्या हातात आहे."

कोणी ऐकलं, कोणी नाही. तेता मुठीकडे बघत होती. चिकटपट्टीचं टोक तिने नखाने उचललं. थोडीशी सोडवली. अंगठा आत घातला... आणि तो खळग्यात बसला.

तिने हिनेककडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो आजही म्हणतो.

"हात दाखव, हिनेक."

त्याने हात वर केले. सगळ्यांसमोर. लोकांना वाटलं, गंमत चाललीय. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"त्याच्या हातात काय ठेवलंस?" तिने तेवढ्याच आवाजात विचारलं.

"प्लास्टिकची."

तेताने पट्टी परत नीट गुंडाळली. "चहा घ्या रे सगळे. कोलाचे गार होतील." आणि ताट फिरवलं. चारचौघांत तिने त्याला उघडं पाडलं नाही. त्या उपकाराने तो अर्धमेला झाला.

सगळे गेल्यावर त्याने मूठ काढली. दोघं गाडीने स्मशानात गेले. संधिप्रकाश होता, जिकडे तिकडे मेणबत्त्या. बोहुशच्या थडग्यावर अजून दगड बसला नव्हता, मातीचा ढीगच होता. हिनेकने गुडघ्यावर बसून खुरप्याने उकरलं. मूठ कोपरापर्यंत हात जाईल इतकी खोल पुरली. माती थोपटली. रडला. तेता शेजारी उभी होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

परत येताना ती त्याच्या शेजारच्या सीटवर होती. रस्ता सरळ. बीटाची शेतं.

आणि स्टिअरिंग थरथरलं.

डावीकडे... उजवीकडे...

हिनेक शपथेवर सांगतो, त्याने ठरवून केलं नाही. हात आपोआप सुटले. वर गेले. तळवे उघडे.

गाडी रस्ता सोडून शेतात घुसली आणि चिखलात रुतून थांबली. दोघांना खरचटलंही नाही. इंजिन बंद पडलं. हिनेकचे हात अजून वरच होते.

"परत दिली ना मी," तो पुटपुटला. "तेता, परत दिली ना!"

तेता समोरच्या काळ्या शेताकडे बघत राहिली.

"खरी वर मातीत आहे रे," ती म्हणाली. "त्याच्या हातात अजून तुझीच आहे."

त्यावर काय इलाज? पेटी कोण उघडणार? पाद्र्याला काय सांगणार?

हिनेकने गाडी विकली. मोटारी भंगारात दिल्या. आता तो हत्यारांची पेटी घेऊन सायकल ढकलत कामावर जातो. चढून बसत नाही, ढकलतो. गावात बोलतात, स्लिवोवित्सेच्या दारूपायी पोलिसांनी त्याचं लायसन्स काढून घेतलं. इलोनालाही तेच वाटतं. तो नाही म्हणत नाही. खऱ्यापेक्षा तो डाग बरा.

परवा आम्ही दोघं खानावळीत बसलो होतो. बाहेरून ट्रॅक्टर गेला, टेबल जरासं हललं, ग्लास किणकिणले. मी बोलतच होतो. समोर पाहिलं...

हिनेकचे दोन्ही हात खांद्यांवर होते.

ट्रॅक्टर केव्हाच लांब गेला होता. मी म्हटलं, "अरे, खाली घे." तो नुसता मानेने नाही म्हणत होता, पाठीमागे न बघता. त्याच्या मागे भिंत होती, दुसरं काही नाही. माझा ग्लास मात्र अजून हलत होता.