हे नाव आधीच वापरात आहे

केशोरीत आमच्या घराच्या वरच्या खोलीत दोन खुर्च्या, एक लाकडी टेबल आणि एक इन्व्हर्टर आहे. खिडकीतून सांदवाडी, म्हणजे घरामागचं परस, दिसते, तिच्यापलीकडे कापलेल्या धानाची रचलेली पुंजणी आणि त्याही पलीकडे मोबाईलचा टॉवर, ज्याच्या जिवावर आमचं सगळं चालतं. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी इथूनच करते. ते पोटापुरतं. जीव लावून करायचं काम सुट्टीच्या दिवशी, माझ्या धाकट्या भावाची, विक्कीची, बायको आचल हिच्याबरोबर.

ओरिन नावाची प्रोग्रामिंगची एक भाषा आहे. जगात मूठभर लोक ती वापरतात आणि त्या मुठीत आम्ही दोघी. हिला फंक्शनल भाषा म्हणतात. म्हणजे इथे एकदा ठरलेली गोष्ट मागच्या मागे कोणी बदलू शकत नाही. एका फंक्शनला एक प्रश्न विचारला की उत्तर तेच येणार, आज विचारा नाहीतर पोळ्याला विचारा. माझ्यासारख्या संशयी बाईला याहून चांगली भाषा मिळाली नसती.

भाषा गुणाची, पण तिच्यात लिहायला धड अवजार नव्हतं. एडिटरमध्ये चूक झाली की लाल रेघ ओढणारं, अर्धा शब्द टाकला की पुरा करणारं, एखादं नाव मुळात कुठे ठरलं तिथे उडी मारून नेणारं. ते आम्ही बनवत होतो. फुकट, आणि कोणीही उघडून पाहावं असं. नाव ठेवलं ‘बांधी’. आचलनं ठेवलं. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं शेत; धानाला ती लागते, तशी प्रोग्रामला.

आमचा हट्ट एवढाच होता की नावं देवनागरीत लिहिता आली पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं. ‘देवका’ लिहिलं की आपल्याला तीन अक्षरं दिसतात, यंत्र मात्रा आणि काने वेगळे धरून पाच मोजतं, आणि मग कर्सर भलत्याच जागी, काना आणि क यांच्या मधोमध जाऊन बसतो. या एका भानगडीनं आमचा सगळा पावसाळा खाल्ला.

चाचणीसाठी बाहेरचे लोक निरर्थक नावं घेतात. आम्हाला देवनागरी हवी होती आणि हाताशी घर होतं. म्हणून आचलनं ‘घर’ नावाचा नमुना लिहिला. विक्की कोणाचा मुलगा, त्याची बायको कोण, बहीण कोण, आई कोण. आम्ही सगळेच त्यात होतो, मीसुद्धा. आपल्याच माणसांची नावं रंगीत अक्षरांत पडद्यावर पाहून दोघी खुदखुदलो होतो.

आता घरातल्या एका भांडणाविषयी सांगायला हवं. आई, म्हणजे सुमित्राबाई, हिला लग्नातच सुनेचं नाव बदलून देवका ठेवायचं होतं. देवकाबाई म्हणजे माझी आजी, आईची सासू. तिचं नाव घरात राहावं ही आईची इच्छा. आचल तांदळाच्या ताटापुढे बसली आणि भर मांडवात म्हणाली, “नाव माया बाबानं ठेवलं आहे. बाबा नाही राहिले, नाव त राहू द्या.” तेव्हापासून आई तिला नावानं हाक मारत नसे. “ए सूनबाई” म्हणे, नाहीतर भांडं आपटे. आचल तेवढं सोसत होती, पण नाव सोडत नव्हती. मला ती त्या दिवसापासून आवडते.

तर तो रविवार. दुसऱ्या दिवशी गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, होती, चौकात दंडारीच्या नाचगाण्याचं स्टेज बांधणं चाललं होतं, जिलेबीवाल्याची भट्टी सकाळपासून धुमसत होती. मंडईच्या आधी नवी आवृत्ती बाहेर काढायची, असा आमचा पण होता. एकच काम राहिलं होतं: नाव बदलणं. एका ठिकाणी नाव बदललं की सगळ्या फायलींत, जिथे जिथे ते वापरलं आहे तिथे तिथे बदललं पाहिजे. अर्थ मात्र जसाच्या तसा राहिला पाहिजे.

“कोणाचं बदलवायचं?” मी विचारलं.

“मायंच बदलव ना, दीदी,” आचल हसली. चारचौघांत ती मला तुम्ही म्हणते, दोघीच असलो की तू. “देवका कर. इथं तरी आईचं मन भरू दे.”

मी ‘आचल’वर कर्सर ठेवला, ‘देवका’ लिहिलं आणि कळ दाबली.

बदललं! एका क्षणात, एकही मात्रा न तुटता! आम्ही बंद ठेवलेल्या फायलीतही बदललं, चाचण्यांच्या फायलीतही. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. मी खुर्चीवरून उठून नाचले. खरंच नाचले, खाली माती पडली असेल. आचलनं माझ्या पाठीत जोरात धपाटा मारला आणि म्हणाली, “चाय पायजे आता. मंडईच्या आधी मंडई!” आणि धडधडत जिना उतरून गेली.

मी पुन्हा पुन्हा पाहत होते. पाहता पाहता दिसलं की फायलीच्या माथ्यावर, जिथे आम्ही माणसांसाठी टीप लिहितो, तिथेही ‘लेखिका: देवका’ झालं होतं. टिपेला हात लावायचा नाही, हा नियम आम्हीच लिहिला होता. म्हणजे कुठेतरी चूक होती. मला तर अजूनच हुरूप आला. लपलेली चूक शोधण्यात जी मजा आहे ती मंडईत नाही.

खालून आईचा आवाज आला. “देवका, साखर कोठं ठेवलीस वं?”

“वरच्या फळीवर आहे, आई.”

मी हसले. वर घडलेली गंमत तिनं खाली जाऊन सांगितली असणार, आणि आईनं संधी साधली असणार. दोघींचं बोलणं सुरू झालं म्हणून बरंही वाटलं. ती चहा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, “का वं आचल, हरलीस ना शेवटी?”

तिनं मागं वळून जिन्याकडे पाहिलं. कोणी वर आलंय का, असं. मग माझ्याकडे पाहिलं.

“आचल कोण, दीदी?”

चेहरा अगदी साधा. ती नकला चांगल्या करते, मला माहीत आहे. “पुरे आता,” मी म्हटलं. ती चहाचा कप ठेवून आपल्या खुर्चीत बसली आणि टिपेतली चूक पाहून म्हणाली, “इथं का चुकलं? मायंच नाव आहे ना ते.”

मी चहा तसाच ठेवून खाली गेले.

आमच्याकडे लग्न झालं की दाराशेजारच्या भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवतात. दोन बाजूंना हत्ती, मधे नावं, खाली तारीख. ती पुढच्या रंगरंगोटीपर्यंत तिथेच राहतात. आमच्या भिंतीवर वळचणीचं पाणी गळून गेल्या वर्षीच एक ओघळ उतरली आहे. ती ‘आचल’च्या ल वरून जायची. आता ती ‘देवका’च्या का वरून गेली होती. मी नखानं खरवडलं. रंग जुना होता, पापुद्रा सुटून बोटाला लागला. खाली चुना, चुन्याखाली माती. मधे दुसरं काहीच नव्हतं.

समोर चौकात भैय्यालाल पेंटर स्टेजची पाटी रंगवत होता. आमची भिंत त्यानंच रंगवली होती.

“भाऊ, आमच्या भिंतीवर नवरीचं नाव काय लिहिलं होतं तुम्ही?”

त्यानं ब्रश न उचलता माझ्याकडे पाहिलं. “लिवलंच आहे ना बाई, वाच. देवका. तुयी आई उभी राहून लिववून घेतली. सासूचं नाव आहे म्हणे, जाडं लिव.” मग थोडं थांबून म्हणाला, “तबेत बरी नाही का तुयी?”

आई ओसरीवर लाखोरीची डाळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. लग्नात नावावरून झालं होतं ते आठवतं का, असं विचारलं.

“नाव कायले बदलवू मी?” आई म्हणाली. “देवका नाव आयकलं अन् तेच्यासाठीच त सोयरिक केली. सासूचं नाव घरात परत आलं.” तिचा चेहरा असा मोकळा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. “गुणाची पोरगी आहे माई देवका.”

घरात कधी भांडण झालंच नव्हतं.

मी वर आले. छाती धडधडत होती, आणि खरं सांगते, त्यात अजून अर्धा आनंद होता. प्रोग्रामरला भुताची भीती वाटत नाही, कारण आमच्याकडे इतिहास जपलेला असतो. आमच्या प्रोग्रामची प्रत्येक जुनी आवृत्ती साठवलेली आहे, आणि प्रत्येक आवृत्तीला आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा असतो. एक काना बदलला तरी ठसा वेगळा येतो. जुनी आवृत्ती उघडायची की सत्य समोर.

अगदी पहिली आवृत्ती उघडली. ‘लेखिका: देवका’. ठसा जुळत होता. परदेशातल्या एका माणसानं आमच्या प्रोग्रामची नक्कल महिन्यांपूर्वी घेतली होती. तिचा ठसा पाहिला. तोही तोच.

मजकूर बदलून ठसा तोच राहत नाही. हे होऊच शकत नाही.

शेजारच्या खुर्चीत ती शांतपणे टाइप करत होती. तेच हात, तीच डाव्या भुवईवरची खूण, अडलं की ओठ चावायची तीच सवय. नाव बदललं होतं, अर्थ जसाच्या तसा होता. आमच्या अवजारानं काम चोख केलं होतं.

“तुझं नाव कोणी ठेवलं?” मी विचारलं.

“माया बाबानं,” ती म्हणाली. “काऊन?”

मला रडू आलं. तिनं भर मांडवात ज्या नावासाठी तोंड उघडलं होतं, ते तिच्याकडून गेलं होतं, आणि आपण त्यासाठी भांडलो होतो हेही तिला ठाऊक नव्हतं. बापानं दिलेली तेवढीच एक वस्तू तिच्याकडे होती. ती तिला परत मिळालीच पाहिजे, हे मी त्या क्षणी ठरवलं. मी अंधश्रद्ध नाही. आमच्या कामातला नियम साधा आहे: जे केलं ते उलट करून पाहायचं.

ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. मी ‘घर’ उघडलं, ‘देवका’वर कर्सर ठेवला, ‘आचल’ लिहिलं आणि कळ दाबली.

काहीच बदललं नाही. खाली पिवळ्या पट्टीत सूचना आली.

‘आचल’ हे नाव आधीच वापरात आहे.

ही सूचना आम्हीच लिहिली होती. एका घरात दोघांना एकच नाव पडू लागलं की अवजारानं थांबायचं. पण तासाभरापूर्वी या फायलीतून ‘आचल’ पुसलं गेलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी त्या नावावर उडी मारायची कळ दाबली.

कर्सर खाली जाऊन एका ओळीवर थांबला.

विक्कीची बहीण: आचल.

ती माझी ओळ होती.

ठीक आहे, मी स्वतःला म्हटलं. आधी ते नाव मोकळं करायचं. या ओळीत माझं नाव टाकायचं, मग तिला तिचं परत द्यायचं. दोन पायऱ्यांचं काम. मी ओळीवर कर्सर ठेवला आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

बोटं तशीच राहिली.

कर्सर लुकलुकत होता. मी डोळे मिटले. शाळेतली हजेरी आठवली, बाई नावं घेत होत्या, माझ्या आधीचं नाव, माझ्या नंतरचं नाव; मधलं, माझं, ऐकू येत नव्हतं. पाकीट काढून ओळखपत्र पाहिलं. फोटो माझा होता. त्याखालचं नाव वाचलं आणि पाकीट बंद केलं.

जिन्याखालून आई ओरडली. “आचल! वो आचल! जेवाले ये वं, भात थंडा होऊन राहिला!”

दारात ती उभी होती, खांद्यावर ओला टॉवेल घेऊन. “दीदी, आई तुले बोलावून राहिल्या ना.”

“आली,” मी ओरडले. अजिबात विचार न करता.

नवी आवृत्ती आम्ही मंडईच्या दिवशी बाहेर काढली. लोकांना आवडली. देवनागरी नाव बदलण्याचं इतकं बिनचूक अवजार दुसरं नाही, असं बरेच जण कळवतात. देवका खूश आहे. आई तिच्या वेण्या घालून देते.

मी रोज ती ओळ उघडून बसते. हे सगळं लिहून काढलं तेही एवढ्याचसाठी, की बोलता बोलता कुठेतरी माझं नाव हातून उतरेल आणि मग तिचं तिला परत देता येईल. आत्ता सुरुवातीपासून वाचून पाहिलं. भैय्यालाल मला बाई म्हणतो, ती दीदी म्हणते, आणि बाकी सगळीकडे नुसतं ‘मी’ आहे.