समोरच्या गॅलरीतला हात

या गं, या रे, असे जवळ सरका! मागच्यांनो, कुजबुज पुरे. एका पेन्सिलीची गोष्ट सांगतो; खोटी वाटली तर खुशाल उठून जा!

एक मुलगी होती. सारखी पेन्सिल कुरतडायची म्हणून तिचं नाव पडलं खारू. सुट्टीत आईबाबांनी तिला मामाकडे सोडलं. मामा-मामी कामावर. मामेभाऊ दादा टॅबलेटवर चित्रं रंगवण्यात गर्क, आणि त्याची बहीण छोटी म्हणजे दादाची शेपूट. घर भरलेलं, पण खारूशी बोलायला कुणी नाही!

मग ती रोज सकाळी आठला स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्याच स्टुलावर बसून चित्रानं वहीचं एक पान भरायची. समोरची इमारत, दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, खुर्चीतले आजोबा. आजोबा तिच्याकडे बघून हात वर करायचे, तीही करायची. दिवसभरातली तिची तेवढीच काय ती भेट!

विसाव्या दिवशी वही चाळताना ती चमकली. पहिल्या पानावर कठडा भिंतीवरच्या पाइपच्या जोडाच्या वर होता. आज खाली!

"दादा, गॅलरी वाकतेय!"

"गॅलरी नाही, तुझा हात वाकडा!"

"वाकडा हात कधी वर जाईल, कधी खाली. हा रोज खालीच कसा जातो?"

दादाचं हसू मावळलं. त्यानं वीसही पानांचे फोटो टॅबलेटमध्ये घेतले आणि पारदर्शक करून एकावर एक रचले. पाइपवर पाइप बसला, खिडकीवर खिडकी. कठडा मात्र जिना उतरावा तसा खाली खाली!

"अगं बाई! आजोबा रोज तिथंच बसतात!" छोटी किंचाळली.

तिघं धावत सुटले. त्या इमारतीचे व्यवस्थापक काका खाली पेपर वाचत होते. खारूनं वही पुढे करून गॅलरीचं सांगितलं.

"पोपडे उडालेत नुसते! मी स्वतः तपासलीय. जा, चित्रं काढा!"

"काढतेच," खारू म्हणाली. "तुम्ही पाच मिनिटं त्या गॅलरीत उभे राहा. रुबाबदार काढते!"

काका मिशीवर हात फिरवत वर गेले, मागोमाग तिघंही. आजोबांनी दार उघडलं. खारूनं गॅलरीच्या दारातलं पायपुसणं उचललं. खाली भेग! तिनं भेगेत पेन्सिल सोडली. अख्खी आत गेली!

काकांचा उचललेला पाय अधांतरीच राहिला.

"या ना काका, लाजता काय?" दादा म्हणाला.

दुपारी इंजिनिअर आले, गॅलरीला टेकू लागले, दाराला कुलूप. "आठवडाभरात कोसळली असती!" ते म्हणाले. काकांनी कान धरले. मामांनी खारूची पाठ थोपटली. "उद्यापासून मीपण बसणार तुझ्याशेजारी!" दादानं जाहीर केलं.

त्याच संध्याकाळी आजोबांना त्यांची लेक आपल्या गावी घेऊन गेली. निघताना ते खारूला म्हणाले, "पोरी, इतकी वर्षं तिथं बसलो. वर बघितलंस ते तूच. पान चुकवू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. दादा घोरत होता. तिनं उठवलं नाही. नवी पेन्सिल काढून ती स्टुलावर बसली. हात आपसूक वर गेला, मग हळूच खाली आला. तिनं पाइप काढला, टेकू काढले. खुर्चीच्या जागी कागद कोराच ठेवला.

बाळांनो, सकाळी आठ वाजले की त्या आजोबांना एकदा आठवा. नव्या गावात त्यांना हात करणारं कुणी असेल का?