छेदात नसलेली खोली

मुलाच्या नव्या घराच्या भिंती खिडकीच्या वर गेल्या, तरी आईची खोली कुठे दिसेना. ती जिथे हवी, तिथे चार खांब आणि मोकळी जमीन.

राहता फ्लॅट विकून, बांधलेलं सामान घेऊन मुलाकडे थांबलेल्या त्या माउलीने जुन्या शेजारातल्या ड्रॉइंग मास्तरांना गाठलं. मास्तर निवृत्त होते. तिचा मुलगाही एकेकाळी त्यांच्याच वर्गातला.

बांधकामावर मुलगा कंत्राटदाराच्या नावाने खडे फोडत होता. कंत्राटदाराने नकाशाची आपली प्रत पुढे केली. त्यात खोली नव्हती, गाडीची जागा होती. आईकडच्या झेरॉक्सवर मात्र खोली होती, आत पलंगसुद्धा.

मास्तरांनी ती सिमेंटच्या गोणीवर पसरली आणि एकेका दारावरून बोट फिरवलं. एका दाराशी ते थबकले.

"वहिनी, ही प्रत कोणी दिली?"

"यानेच. फ्लॅटच्या कागदांवर सही करायच्या आदल्या दिवशी."

"आर्किटेक्टकडून आली तशीच दिलीस?"

"तशीच, सर," मुलगा म्हणाला. "पुढचा घोळ या माणसाचा."

मास्तर आईकडे वळले. "हा नकाशा म्हणजे घर वरून पाहिलेलं. शेजारी आहे तो छेद. कलिंगड उभं कापल्यावर आतलं दिसतं ना, तसं या तुटक रेषेवर घर कापलंय. रेषा कशावरून जाते?"

"माझ्या पलंगावरून."

"मग छेदात तिथे काय आहे?"

तिने चष्मा सावरला. बराच वेळ पाहिलं. "गाडी."

"म्हणजे खोली मागाहून घातली, फक्त नकाशात. कंत्राटदार रोज छेद बघून भिंती उचलतो, तो हे विसरला नसता. आर्किटेक्टही नाही. हे छेद न कळणाऱ्याचं काम."

"तसा कोणीही असेल," मुलगा पुटपुटला.

"बाकी सगळ्या दारांना पाव वर्तुळ आहे, दार कुठे उघडतं ते दाखवायला. या एकाच दाराला नाही. आठवीत याच चुकीसाठी मी तुझे कागद किती वेळा परत केले रे?"

मग मुलाच्या तोंडून हळूहळू सगळं बाहेर आलं. फ्लॅट विकल्याशिवाय घर उभं राहत नव्हतं, आणि खोली दाखवल्याशिवाय आई सही करत नव्हती. एक वृद्धाश्रम त्याने पाहून ठेवला होता. तिथे बाग होती, म्हणाला.

आईने कागदाची नीट घडी घातली.

"फ्लॅटच्या किल्ल्या परवाच दिल्या," ती म्हणाली. "मास्तर, तेव्हा याच्याऐवजी मला शिकवलं असतंत, तर बरं झालं असतं."