उलटा फेरा

खरं माना, नका मानू, पण आमच्या मावसभावाच्या, निकेशच्या बाबतीत हे घडलंय. आणि रात्री नाही... मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी, वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या एका मोकळ्या प्लॉटवर.

निकेश बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होता. गणितातल्या कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसच्या पेपरात एकदा गटांगळी खाल्लेली. यंदा नापास झालास तर मुकाट्यानं दुकानात बस, असं वडिलांनी बजावलं होतं.

त्याच्यासोबत भाड्याच्या खोलीत राहणारा विवेक मात्र या विषयात वाघ. तळेगावच्या धुरपताबाईंचा एकुलता एक मुलगा.

पुस्तक निकेशच्या डोक्यावरून जातंय म्हटल्यावर विवेकनं त्याला प्लॉटवर नेलं. चुन्याच्या फक्कीनं मोठं वर्तुळ आखलं आणि स्वतः मधोमध उभा राहिला.

"मी तो बिघडलेला बिंदू. तू काठानं फिरजो. मधात काही नसन, तर पुऱ्या फेऱ्याचं उत्तर शून्य. मधात मी आहो, म्हणून काहीतरी उरते."

फिरायचं घड्याळाच्या उलट. गणितात तीच सुलटी दिशा.

घरमालकीण शकुंतलाबाई शेजारी कुरड्या वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

"बाबू, उलटा फेरा मुर्द्याले घालतेत. जित्या माणसाले नाई."

विवेक हसला. निकेशही हसला. त्याला पेपर दिसत होता, दुसरं काही नाही.

दुसऱ्या फेऱ्याला शेजारच्या कुलरची घरघर थांबली. लाइट गेली असेल.

मग विवेकचं समजावणं थांबलं...

मग निकेशच्या स्वतःच्या चपलांचा आवाजही येईना.

त्यानं मध्ये पाहिलं. विवेक तिथंच होता. ओठ हलत होते... आवाज नव्हता.

निकेशची पाचावर धारण बसली. पण फेरा बंद झाल्याशिवाय उत्तर नाही, हे आत्ताच कुठं डोक्यात शिरलं होतं. त्यानं तो पुरा केला.

घरघर परत सुरू झाली. विवेक वर्तुळाबाहेर आला. "झालं?" एवढंच म्हणाला आणि खोलीकडे निघाला.

त्याच्या चपला वाजल्या नाहीत.

निकेश पास झाला. विवेकनं पेपर कोरा दिला.

आता तो तळेगावला अंगणातल्या खाटेवर बसून असतो. जेव म्हटलं की जेवतो. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काही सापडत नाही.

एका रविवारी निकेश तिथं गेला. दिशा बदलली की उत्तराचं चिन्ह बदलतं, उरलेलं सगळं फिटतं... हेही त्याला विवेकनंच शिकवलं होतं. त्यानं खाटेभोवती घड्याळाच्या दिशेनं, सुलटे फेरे घातले. त्या दुपारी घातले होते तेवढेच.

चपला वाजत राहिल्या. कोंबड्या कलकलत राहिल्या. काही म्हणजे काहीच झालं नाही.

शून्य.

म्हणजे मधात कोणीच नव्हतं...

धुरपताबाई दारातून बघत होत्या. "फरक पडन का रे, बाबू?"

"पडन, काकू," तो म्हणाला.

दर रविवारी तो अजून जातो, फेरे घालतो. काकू वाट बघतात म्हणून. तू थांब असं त्याला सांगायची आमची हिंमत होत नाही.